टांग्याच्या चालीचं वळण

गुरुवारी ऑफिस सुटतं तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं असतं. दोन दिवसांची सुट्टी समोर असते, पण अल् खुवैरच्या प्रत्येक सिग्नलला सगळं मस्कत एकाच वेळी घरी निघालेलं असतं, आणि आमच्या बिल्डिंगखाली पार्किंग मिळेपर्यंत माझी भूकसुद्धा मरते. त्या गुरुवारी मी अशीच चडफडत वर आले, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. आत माझी मुलगी व्हायोलिनवर टांग्याची चाल वाजवत होती.

'टांग्याची चाल' हे नाव फक्त आमच्या घरातलं. ही चाल माझे बाबा वाजवायचे. बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. मी ती मुलीला शिकवलेली नव्हती, शिकवणार कुठून, मला व्हायोलिन येतच नाही. मी आपली भांडी लावताना स्वतःशी गुणगुणते, तेवढंच. तरी तिच्या व्हायोलिनमधून तीच येत होती. तीन-तीन मात्रांचा तोच टपटप ठेका, सुरुवातीची तीच छोटी उडी, फक्त वेग दुप्पट. खांद्यावरची पर्स न काढता मी ऐकत राहिले आणि माझे डोळे भरून आले. पहिला भाग दोनदा झाला, ती दुसऱ्या भागात शिरली आणि सूर खाली उतरले.

"चुकलीस!" मी ओरडले. "तिथं खाली नाही यायचं. वर जायचं."

ती दचकलीच. "मम्मा! यू स्केअर्ड मी."

"कुणी शिकवली ही तुला?"

"अंकलने. इट्स अ जिग. आयरिश डान्सची."

"आयरिश कसली? आजोबांची चाल आहे ही."

"चाल म्हणजे वॉक ना?"

मी तिला सांगितलं, की माणसाच्या चालण्याला चाल म्हणतात तसं गाण्याच्या सुरांनाही चाल म्हणतात. "म्हणजे ट्यून वॉक करते?" असं म्हणून ती हसली. इंग्रजी बोलणाऱ्या शाळेत वाढलेल्या पोरीनं मराठीतली गंमत इतक्या पटकन पकडली, एरवी मी ती चार मैत्रिणींना सांगितली असती. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. मी तिला पुन्हा वाजवायला लावलं, पुन्हा ती खाली आली, पुन्हा मी ओरडले, आणि तिनं व्हायोलिन पेटीत ठेवून दिलं.

बाबा पुण्यात सरकारी कचेरीत कारकून होते. तरुणपणी ते कॅम्पात एका म्हाताऱ्या गोवेकर मास्तरांकडे व्हायोलिन शिकायला जात. मास्तर पूर्वी कुठल्याशा बँडमध्ये होते आणि त्यांच्याकडे गोऱ्या पलटणींकडून उचललेल्या चालींचा साठा होता. त्यातलीच ही एक, एवढंच आम्हाला माहीत. टांग्याच्या घोड्यासारखी दुडक्या पावलांनी वाजवा, असं मास्तरांनी सांगितलं म्हणे. पण बाबांचा कान आपल्याकडच्या भजनांवर पोसलेला. त्यांनी तिचा सरळ दादरा करून टाकला. सतरंजीवर बसायचं, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवायचं आणि एकेका सुरावर मींड काढत सावकाश वाजवायचं. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल, खमाजात असतो तसा. कुणी सांगितलं नसताना ते त्यांच्या बोटांना आपोआप सुचलं असणार. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "ह्यांचा घोडा पेन्शनीत निघालाय."

मी तेव्हा अगदी लहान होते. संध्याकाळ, सतरंजी, बाबांच्या पायाचा ठेका आणि ती चाल, एवढं मला स्वच्छ आठवत होतं. पुढं मी मोठी झाले, शिक्षण झालं, लग्न झालं, इकडं आले. बाबा शेवटी शेवटी वाजवत नव्हते, बोटं वाकडी झाली होती. त्यांचं व्हायोलिन आईनं शेजारच्या एका मुलीला देऊन टाकलं. रेकॉर्डिंग कुणी केलं नाही. थोडक्यात, बाबांची टांग्याची चाल जर कुठं शिल्लक असेल तर ती माझ्या डोक्यात, आणि तिथं कुणी आयरिश माणूस येऊन फेरफार करतो म्हणजे काय?

पुढच्या क्लासला मी नेहमीसारखी गाडीत एसी लावून बसले नाही, मुलीबरोबर वर गेले. हे अंकल आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. दिवसा इथल्या एका शाळेत गणित शिकवतात आणि संध्याकाळी घरी चार पोरांना व्हायोलिन. ते त्याला फिडल म्हणतात. आपली पोरं त्यांना पहिल्या दिवसापासून अंकल म्हणायला लागली, तेव्हा ही सगळी एकाच कुटुंबातली की काय, असं त्यांना वाटलं होतं. मी घरातून ठरवूनच गेले होते, की आवाज चढवायचा नाही. तरी पहिलाच प्रश्न मी असा विचारला: "ही चाल तुमची कशी?"

ते रागावले नाहीत, उलट खूश झाले. चहा ठेवला. म्हणाले, ही कुणाची हे कुणालाच ठाऊक नाही, पण भांडायला सगळे तयार असतात. त्यांच्या गावात म्हणतात, एका आंधळ्या वादकानं ती कुणाच्या तरी लग्नात केली. शेजारच्या गावात म्हणतात, टेकडीखाली राहणाऱ्या, यक्षांसारख्या अद्भुत लोकांकडून एकानं ती रात्रभर ऐकून चोरून आणली. समुद्रापलीकडचे स्कॉटिश लोक म्हणतात, मुळात आमची, कवायतीची होती, तुम्ही तिला नाचायला लावलं. नावंसुद्धा गावागणिक वेगळी, एकीकडे बोकडाचं, दुसरीकडे कुणा तापट बायकोचं. आणि सैन्यभरतीच्या काळात पलटणीत गेलेली पोरं ती घेऊन कुठं कुठं गेली, ते विचारूच नका.

"मग खरी कुठली?" मी विचारलं.

"मी माझ्या काकांकडून शिकलो ती," ते म्हणाले. "प्रत्येकाची हीच गोष्ट आहे."

मग त्यांनी एक शब्द सांगितला, त्यानं माझी झोप घालवली. त्यांच्याकडे चालीच्या दुसऱ्या भागाला 'टर्न' म्हणतात. वळण. पहिला भाग सगळे साधारण सारखाच वाजवतात, पण वळण ऐकलं की वाजवणारा कुठल्या घरात शिकला ते ओळखू येतं. हे मला कळायला आयर्लंडला जायची गरज नव्हती. आपल्याकडेही वळण लागतं ते घरातच, आणि नाही लागलं तर सगळ्या आळीला कळतं.

"तुमच्या वडिलांचं वळण म्हणून दाखवा," ते म्हणाले.

मी म्हटलं. छातीठोकपणे वर गेले, वरच्या षड्जाला टेकून सावकाश खाली आले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, लगेच वाजवून दाखवलं, आणि म्हणाले, असं वळण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, पण शोधलं तर सापडेलही. माझ्या फोनवर त्यांनी त्या चालीची बरीच रेकॉर्डिंग पाठवली. जुन्या म्हाताऱ्यांची, नव्या पोरांची, एक तर तोंडानं नुसतं डिडल-डिडल म्हणणाऱ्या आजीबाईंचं. मी विजयी मुद्रेनं मुलीकडे बघितलं. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

ती रेकॉर्डिंग मी ऐकायला नको होती. मी सकाळी ऑफिसला जाताना ऐकली, येताना ऐकली, पोळ्या लाटताना ऐकली. कुणी वळणावर वर जायचा, कुणी खाली, कुणी एका जागी घोटाळून मग उडी मारायचा. निषाद तर बघायलाच नको. कुणाचा कोमल, कुणाचा शुद्ध, आणि काही म्हाताऱ्यांचा दोन्हींच्या मध्ये कुठं तरी, आपल्या पेटीवाल्याला सापडणार नाही असा. बाबांचं कुठं तरी भेटेल म्हणून मी एकामागून एक लावत गेले. मीटिंगमध्ये पेनानं टेबलावर ठेका धरायला लागले. समोरचा ओमानी सहकारी म्हणाला, "सिस्टर, ही तर आमच्या सूरच्या खलाशांची." सूर हे इथलं बंदराचं गाव. त्यानं मला तिथली एक ओळ गुणगुणून दाखवली आणि तीही मला क्षणभर पटली. मग बॉस म्हणाला, "यल्ला, चला, ड्रॉइंग बघू या का?"

नवरा आठवडाभर सोहारला असतो, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, गुरुवारी येतो. त्यानं दोन गुरुवार सहन केलं. तिसऱ्या गुरुवारी विचारलं, "घरात भाडेकरू ठेवलेत का आयरिश?" मी त्याच्यावर खेकसले. मुलीनं ती चाल घरी वाजवणं बंद केलं होतं, तेही त्याच्याच लक्षात आलं. माझ्या नाही.

आणि मग एका संध्याकाळी भांडी लावताना मी सवयीनं गुणगुणायला लागले, वळणापाशी आले, आणि मला कळेना की कुठं जायचं. वर? वर गेले तर ते त्या रेकॉर्डिंगमधल्या तरुण बाईसारखं वाटलं. खाली? ते तर अंकलचं. घोटाळून उडी? ती डिडलवाल्या आजीची. मी नळ बंद केला, डोळे मिटले, सतरंजी आठवली, बाबांचा पाय आठवला, गज धरलेला हात आठवला. आवाज आला नाही. इतके दिवस मी चाल शोधत होते ते ती माझीच आहे हे सिद्ध करायला, आणि शोधता शोधता मीच ती पुसून टाकली होती. त्यांचा शर्ट नाही, व्हायोलिन नाही, आवाज नाही. एवढी एक चाल होती, तीही मी रेकॉर्डिंगखाली गाडली. मी तिथंच ओट्याला टेकून रडले. मुलगी पाणी प्यायला आली आणि तशीच मागे फिरली.

त्यानंतरचे दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. फोनमधली सगळी रेकॉर्डिंग काढून टाकली, तरी डोक्यातली जाईनात. एका जागी बसवेना. शनिवारी मत्रहच्या जुन्या बाजारात गेले, कारण सांगितलं विड्याची पानं आणि उदबत्त्यांचं. तिथल्या जुन्या गुजराती दुकानदाराकडून पानं घेतली, उदबत्त्या विसरले, आणि समुद्रालगतच्या बाकावर जाऊन बसले. बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी आईला फोन लावला. आईला मी इतके दिवस विचारलं नव्हतं. तिला गाण्यातलं काही कळत नाही, असं आम्ही घरात सगळे धरून चालतो, आणि तीही धरून चालते.

"आई, बाबांची टांग्याची चाल आठवते?"

"न आठवायला काय झालं? जन्मभर तेच तर ऐकलं."

"दुसरा भाग म्हणून दाखव."

"कसला दुसरा भाग?"

"अगं, पहिला भाग संपला की पुढं वळण आहे ना, तिथं ते वर जायचे का खाली?"

"कुठं जातात? कुठंच नाही," आई म्हणाली. "त्यांना पुढचं येतच नव्हतं."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं मला झापलं, की मी म्हातारी झाले असेन, बहिरी नाही. मग सांगितलं. मास्तरांनी पहिला भाग शिकवला आणि ते गोव्याला लेकीकडे गेले. म्हणाले, पुढचं आल्यावर. ते परत आलेच नाहीत. आई म्हणायची, पत्र टाका, नाहीतर जाऊन या एकदा. पण बाबा भिडस्त. मास्तरांना कशाला त्रास, म्हणायचे.

"मग मी काय ऐकलं?"

"तू? तू स्वतःलाच ऐकलंस. हे तिथवर यायचे, गज उचलायचे आणि तुझ्याकडे बघत बसायचे. मग तू आपलं ला-ला करायचीस पुढचं. कधी वर, कधी खाली, रोज निराळं. हे मान डोलवायचे आणि परत पहिल्यापासून. मला स्वयंपाकघरात वीट यायचा."

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी? आणि त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मी बाबांचं काही पुसलेलं नव्हतं, पुसायला काही नव्हतंच. मोठं ओझं उतरल्यागत मी गाडीत बसले, गाणं न लावता निघाले, आणि घराच्या अलीकडच्या सिग्नलला ते सगळं उलटं झालं. मला बाबांचं ते बघणं आठवलं. गज हवेत, मान जरा कलती, नजर माझ्यावर. आजवर मी त्याला कौतुक समजत आले होते. कौतुक असेलही. पण ते विचारतही होते. पुढं काय असेल, हे त्यांना खरोखर हवं होतं, आणि विचारायला त्यांच्याकडे एक एवढीशी पोर सोडून कुणी नव्हतं. रोज त्यांनी विचारलं, रोज मी काहीतरी ठोकून दिलं, आणि रोज त्यांना कळलं की हे ते नव्हे. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून कशाला सुरू केलं असतं?

आम्हाला त्या चालीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. टांग्याची चाल म्हणून जगात कुणाला काय सापडणार? मी गेले कित्येक दिवस वळणांना वैतागले होते, ऐकून ऐकून माझे कान किटले होते, आणि त्या माणसाला आयुष्यात त्यातलं एक मिळालं नव्हतं. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा होऊन गेला होता.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मी मुलीच्या खोलीत गेले आणि म्हटलं, आजीला व्हिडिओ कॉल लावते, तिला ती जिग वाजवून दाखव.

"नो," ती म्हणाली. "तू ओरडणार."

"नाही ओरडणार."

"कुठलं टर्न? तुझं की अंकलचं?"

"अंकलचं. पूर्ण. फक्त जरा सावकाश वाजव."

तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं, पण पेटी उघडली. रात्रभरच्या एसीनं तारा उतरल्या होत्या, त्या ती जुळवत बसली. इथून साधा व्हिडिओ कॉल लागत नाही, त्याला निराळं अॅप घ्यावं लागतं, आणि ते उघडताना आई दर वेळी भलतंच बटण दाबते. दोनदा तिचं छत दिसलं, एकदा कान. शेवटी चेहरा आला. मी म्हटलं, "आई, ते पुढचं सापडलं. बाबांना येत नव्हतं ते. ही वाजवतेय."

आईला वाटलं होतं, काहीतरी गमतीचं चाललंय. तिचा चेहरा बदलला.

"थांब," ती म्हणाली. "फोन ह्यांच्यापुढं धरते."

पडद्यावर पंखा फिरला, भिंत गेली, कॅलेंडर गेलं, आणि मग बाबांचा फोटो आला, जरा तिरका. मुलीनं मला डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली. ती उभी राहून वाजवायला लागली, सांगितल्यासारखी सावकाश. पहिला भाग एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला. आता ती त्या जागेवर आली. मी माझ्या हातातला फोन घट्ट धरला. तिनं गज उचलला नाही. ती पुढं गेली, खाली उतरली, तिथं जराशी घुटमळली आणि परत वर येऊन घरी पोहोचली. मग तेच वळण आणखी एकदा, कारण ते तसंच असतं, प्रत्येक भाग दोनदा. आणि थांबली.

फोटो पडद्यावर हलत होता. आई स्वतः दिसत नव्हती.

"संपलं?" तिचा आवाज आला.

"संपलं."

"एवढंच होतं होय!" आई म्हणाली. तिनं नाक ओढलं. "एवढ्यासाठी जन्मभर अडून बसला हा माणूस!"

मुलगी व्हायोलिन खाली घ्यायला लागली.

"थांब गं, ठेवू नकोस," फोटोमागून आई म्हणाली. "परत वाजव एकदा. ह्यांना एकदा सांगून कधी काही कळलंय का?"